उचल घेतली म्हणजे माणूस गहाण पडला का?



आपली साजगावची यात्रा तुम्हाला माहीतच आहे. देव विठोबा, आणि बाजार सुक्या मासळीचा! कार्तिकातली ही यात्रा उरकली की खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्या हळूहळू रिकाम्या व्हायला लागतात. घराला कडी घालायची आणि पोराबाळांसकट वीटभट्टी गाठायची. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. यातल्या बऱ्याच जणांनी पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. कुणी तिला बयाणा म्हणतं. हंगामभर हातात पडते ती आठवड्याची खर्ची. हिशोब शेवटी, आणि वही मालकाकडे.

आता प्रश्न असा, की उचल घेणं बेकायदेशीर आहे का? नाही. पण त्या पैशाच्या बदल्यात तुम्हाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, गावी जायलाही मालकाची परवानगी लागत असेल, मजुरी नाममात्र मिळत असेल किंवा मिळतच नसेल, तर तिला कायद्यात एकच नाव आहे: वेठबिगारी.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ ने सक्तीच्या मजुरीला बंदी केली आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा, पण तो लागू धरला जातो २५ ऑक्टोबर १९७५ पासून. त्यातल्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. कलम ६ नुसार असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. आणि कलम १५ नुसार, मजूर म्हणाला ‘हे वेठबिगारीचं कर्ज आहे’, तर तसं नाही हे सिद्ध करायचं ते मालकानं! १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं आणखी एक दार उघडलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं कोर्टानं सांगितलं.

कायदा इतका स्पष्ट आहे, मग अडतं कुठे? त्यासाठी जरा लांब जाऊ, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात. तिथल्या हदिजातू मानी या मुलीला १९९६ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, विकलं गेलं. सुमारे नऊ वर्षं ती त्या मालकाकडे बिनपगारी राबली. २००३ मध्ये नायजरनं गुलामगिरी हा गुन्हा ठरवला. २००५ मध्ये मालकानं तिला मुक्ततेचा दाखला दिला आणि वर म्हणाला, ‘आता तू माझी बायको!’ ती निघून गेली, तिनं मनासारखं लग्न केलं. तर तिथल्या कोर्टानं तिलाच दोन नवरे केल्याबद्दल तुरुंगात धाडलं. हातात दाखला होता, देशात कायदा होता, पण समोरच्या न्यायाधीशांना गुलामगिरी दिसलीच नाही. त्यांना दिसलं लग्न.

ती पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामाईक न्यायालयात गेली. २७ ऑक्टोबर २००८ ला निकाल लागला. तिला गुलामीत ठेवलं होतं तो एक माणूस, पण तिचं रक्षण केलं नाही म्हणून नायजर सरकार जबाबदार! भरपाई, एक कोटी सीएफए फ्रँक.

आपल्याकडेही गाडी तिथेच अडू शकते. मजूर तक्रार घेऊन जातो आणि समोरून ऐकू येतं, ‘अरे, हा तुमचा आपसातला पैशाचा व्यवहार आहे. घेतलेत तर फेडा.’ एकदा ‘व्यवहार’ म्हटलं की कलम ६ आणि कलम १५ दोन्ही कागदावरच राहतात.

म्हणून वाडीतल्या कुणाचा अर्ज लिहून द्यायची वेळ आली, तर नुसतं ‘पैसे थकवले’ असं लिहू नका. उचल किती, कधी घेतली, खर्ची किती, जायला कुणी अडवलं, हे सगळं लिहा. ‘वेठबिगारी’ हा शब्द लिहा आणि १९७६ च्या कायद्याचं नावही लिहा. अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांच्याकडे द्या आणि पोच घ्या. चौकशीत वेठबिगारी निघाली तर मुक्ततेचा दाखला मागा, कारण पुनर्वसनाची मदत त्यावर चालते. आदिवासींना वकील मोफत मिळतो. विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर १५१००.

हा परिच्छेद स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि वाडीतल्या ज्याच्याकडे फोन आहे त्याला आजच पाठवा. भट्ट्या पेटायच्या आधी.