नकाशावर आमचे दुकान कुठे आहे?

आमच्या वस्त्यांमध्ये कारागिरांची वाण आहे, असे कुणी म्हणू नये. वेल्डिंग, फॅब्रिकेशन, नळकाम, रंगकाम, मोटार रिवायंडिंग, मंडप, केटरिंग, शिलाई, बँड. कोणता धंदा आमचा माणूस करीत नाही? प्रश्न कसबाचा नाही. हा कारागीर गिऱ्हाईकाला सापडतो कसा, हा खरा प्रश्न आहे. आजवर तो ओळखीने सापडत होता, आणि ओळख म्हणजे या देशात बहुतेक वेळा जात असते. जिथे ओळख नाही तिथे ठेकेदार मध्ये उभा राहतो. काम आमच्या हाताचे, पावती त्याच्या नावाची.

आता गिऱ्हाईक ओळखीच्या माणसाला विचारण्याआधी मोबाईलला विचारते. 'जवळचा प्लंबर' एवढे लिहिले की गुगल नकाशा दाखवतो आणि त्याखाली बहुधा तीन नावे. फोन जातो तो त्या तिघांना. वीस वर्षे काम करणारा आमचा माणूस पुढच्याच गल्लीत असतो, पण नकाशावर तो नसतोच. त्याला कुणी वगळलेले नाही. त्याची नोंदच झालेली नाही.

ही नोंद फुकट होते, हे आधी नीट समजून घ्यावे. तिला 'गुगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. २०२१ पर्यंत तिचे नाव 'गुगल माय बिझनेस' होते. स्थानिक शोधात कोण वर दिसेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते, असे कंपनीच सांगते. गिऱ्हाईकाने जे शोधले त्याच्याशी तुमचा धंदा किती जुळतो, तुम्ही त्याच्यापासून किती अंतरावर आहात आणि तुमचा बोलबाला किती आहे. पैसे भरून या यादीतला वरचा क्रमांक मिळत नाही. जाहिरात ही निराळी बाब, आणि ती जाहिरात म्हणूनच दाखवली जाते. तेव्हा 'आम्ही गुगलमधून बोलतो, इतके हजार भरा नाहीतर तुमचे दुकान नकाशावरून काढू' असा फोन आला तर तो लबाडाचा समजावा. असे पैसे उकळणे ही फसवणूक आहे. पूर्वीचे कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ (४) झाले आहे.

अंतर आपल्या हातात नाही, जुळणी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका फॅब्रिकेशनवाल्या बांधवाची नोंद 'दुकान' एवढ्याच सदरात होती. लोखंडी गेट शोधणाऱ्याला तो कसा दिसावा? आपला मुख्य धंदा नेमक्या सदरात टाकावा, कामे एकेक करून लिहावीत, मराठीतही लिहावीत. वेळा खऱ्या द्याव्यात, लागणारा फोन नंबर द्यावा, केलेल्या कामाचे स्वतः काढलेले फोटो टाकावेत. नाव मात्र पाटीवर आहे तेच. नावापुढे 'शहरातील सर्वोत्तम, स्वस्त' अशी शेपटी जोडणे नियमाबाहेर आहे आणि त्यापायी नोंद बंद पडू शकते.

नावावरून एक दुखरी गोष्ट निघते. १९१७ साली लंडनहून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्याची नोकरी सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी मुंबईत शेअर व गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. कोलंबियाची पदवी गिऱ्हाईकाला दिसली नाही, जात दिसली. आजही आमचे काही तरुण 'तक्षशिला', 'भीमाई', 'सिद्धार्थ' अशी नावे टाळतात, आडनाव लपवतात. कर्जाचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण याला दुसरीही बाजू आहे. बौद्ध पद्धतीच्या लग्नाचा मंडप, बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज, धम्मग्रंथ शोधणारी हजारो घरे आहेत आणि त्यांना हे सारे कोण पुरवतो ते सापडत नाही. आपण जे विकतो ते स्पष्ट लिहिले तर हे गिऱ्हाईक थेट आपल्याकडे येते.

पत्त्याचेही तसेच. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. सरकारी कागदावर नाव बदलले तरी नकाशावरचे आपोआप बदलत नाही. तिथे 'बदल सुचवा' या सोयीने ते कळवावे लागते. हे काम वस्तीतल्या कुणाही पोराला करता येते. ज्याचे दुकानच नाही, जो गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन काम करतो, त्याने घरचा पत्ता न दाखवता सेवेचा परिसर तेवढा द्यावा. तशी रीतसर सोय आहे.

बोलबाला वाढतो तो मुख्यतः गिऱ्हाईकांच्या अभिप्रायांनी. काम झाले की प्रत्येक गिऱ्हाईकाला 'दोन ओळी लिहा' म्हणावे, आणि लिहिणाऱ्याला उत्तर द्यावे. पण जयंतीची वर्गणी गोळा करावी तसे चाळीस कार्यकर्त्यांकडून एका रात्रीत पाच-पाच तारे गोळा करू नयेत! असे अभिप्राय खोटे ठरून काढले जातात. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय घेणेही चालत नाही.

आणि अभिप्रायात कुणी जात काढली तर? काम वाईट झाले असे लिहिणे हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे. तिथे ॲट्रॉसिटी लागत नाही, आणि लावायलाही जाऊ नये. परंतु अनुसूचित जातीचा म्हणून जाहीर अपमान केला असेल, जातिवाचक शिवी दिली असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३ (१) (आर) व (एस) पाहावे. इंटरनेटवरील अपमानही या कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे. 'यांच्याकडून काही घेऊ नका' असा जातीवरून बहिष्कार पुकारला तर २०१५ च्या दुरुस्तीने आलेले (झेडसी) हे उपकलम आहे. बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण गेले, असा गैरसमज नको. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधील बौद्धांनाही तो दर्जा मिळाला आहे. मजकूर काढून टाकण्याची विनंती करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घ्यावा. न्यायालयात तो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. पुष्कळ तक्रारी इथेच लंगड्या पडतात.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे, मालकी. नोंद करून देणारा एजंट स्वतःच्याच ईमेलवर ती करतो आणि पुढे दरवर्षी पैसे मागतो. नोंद दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेलवरच हवी. पोरगा किंवा भाचा मदतनीस म्हणून जोडता येतो. आधीच कुणी बळकावली असेल तर मालकी मागण्याची सोय त्याच ठिकाणी आहे.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर दोन शिकलेली मुले तासभर बसली तरी एका महिन्यात सारी वस्ती नकाशावर येईल. पडताळणीसाठी अनेकदा न थांबवता काढलेला व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, दुकानाची पाटी, आतली हत्यारे आणि स्वतः कुलूप उघडतानाचे दृश्य यावे लागते. म्हणून दुकानदारांनी येताना मोबाईलबरोबर दुकानाची किल्लीही आणावी. पाटी नसेल तर आधी पाटी रंगवून घ्यावी. रंगारी आपल्याच वस्तीत मिळेल.