लोकलच्या तिकिटात आपलं पेट्रा

पेट्रा म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती गुलाबी डोंगरात कोरलेली, सुमारे 40 मीटर उंचीची 'खजिन्या'ची दर्शनी भिंत. जॉर्डनमधलं हे शहर नबातियन अरबांची राजधानी होतं. धूप, ऊद आणि मसाल्यांच्या व्यापारावर ते मोठे झाले आणि आपली मंदिरं, थडगी त्यांनी थेट कातळात कोरली. त्याच सुमारास आपल्या मावळातही छिन्नी-हातोडे चालू होते. पेट्राला जायला विमान लागतं. तळेगाव दाभाडेकरांना लोणावळा लोकल पुरते. चला तर मग!

1. एकाच पुस्तकात पेट्रा आणि पैठण
पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिचं नाव 'पेरिप्लस'. त्यात पेट्राकडे जाणारी वाट आहे, तसेच कल्याण, पैठण आणि तेरही आहेत. कोकणातून बोरघाट चढून देशावर येणारी वाट मावळातूनच जायची. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी याच वाटेच्या आसपास आहेत.

2. आधी कळस, मग पाया
घर बांधतात खालून वर. लेणं कोरतात वरून खाली. आधी छत, मग खांब आणि शेवटी जमीन. पेट्राच्या कारागिरांचीही हीच रीत होती. फरक दगडाचा: तिकडे मऊसर वालुकाश्म, इकडे सह्याद्रीचा टणक काळा कातळ. चुकून जास्तीचा टवका उडाला तर तो परत बसवता येत नाही!

3. शेतकऱ्याच्या कारभारणीचं दान
तळेगावहून पुण्याकडे निघालं की जुन्या महामार्गालगत घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. इथल्या ब्राह्मी शिलालेखात दान देणारी आहे सिअगुतणिका. धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुणब्याची ही बायको. मुलगा नंद याला सोबत घेऊन तिने लेणं दान दिलं. राजा नाही, सरदार नाही. शेतकऱ्याच्या घरातली बाई!

4. अत्तरवाला आणि सुतार
कार्ल्याच्या चैत्याचं, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचं, एक दार सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दिलं. दार घडवणारा सामी सुतार, वेणुवासाचा मुलगा, त्याचंही नाव दगडावर आहे. नबातियनांच्या हेग्रा शहरातल्या थडग्यांवरही पाथरवटांची नावं कोरलेली सापडतात. कारागिराची आठवण ठेवायची रीत दोन्हीकडे होती.

5. यवनांचे खांब
कार्ल्याच्या अनेक खांबांवर दात्यांची ओळख 'यवन' अशी दिली आहे. मूळचा ग्रीकांसाठी असलेला हा शब्द पुढे पश्चिमेकडच्या परदेशी लोकांसाठी रूढ झाला. तेही बहुतेक राहणारे धेनुकाकटचेच. बाहेरून आलेल्या माणसांनी इथलं गाव आपलं मानलं आणि इथल्या चैत्याला खांब दिले.

6. हत्ती तिकडे, हत्ती इकडे
पेट्राच्या 'महामंदिरा'च्या खांबांवर चक्क हत्तींची डोकी कोरलेली आहेत. वाळवंटात हत्ती! कार्ल्यात मात्र हत्ती अगदी घरचे. ओसरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन भव्य हत्ती सगळी इमारत पाठीवर तोलून उभे आहेत. बेडशाला तर सुमारे 25 फुटी खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर स्वार झालेली जोडपी दिसतात.

7. दोन हजार वर्षांचं सागवान
कार्ल्याचा चैत्य सुमारे 38 मीटर लांब आणि 14 मीटर उंच. भारतातला सगळ्यात मोठा कोरीव चैत्य. मान वर करून पाहा. छताला लाकडी कमानी आहेत आणि त्या जुन्याच आहेत! कातळाच्या छताला आधाराची गरज नव्हती. पण कारागिरांचा हात लाकडी इमारतींवर बसलेला, म्हणून दगडातही त्यांनी लाकडाचा थाट राखला. भाज्याचे खांब आत झुकलेले दिसतात, तेही लाकडी बांधणीच्या सवयीनेच.

8. वाट इथे मोडली नाही
इसवी सन 106 मध्ये नबातियन राज्य रोमन साम्राज्यात गेलं. पुढे पेट्रा ओस पडलं आणि 1812 मध्ये स्विस प्रवासी बुर्कहार्ट तिथे पोहोचेपर्यंत युरोपला त्याचा विसर पडला होता. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरा आईचा गजर चालू आहे. घोरावडेश्वराला महाशिवरात्रीची यात्रा भरते. तुकोबांच्या एकांतवासाच्या डोंगरांतही भंडारा आणि भामचंद्रासोबत याच डोंगराचं नाव घेतात.

कसं जाल?
घोरावडेश्वरासाठी बेगडेवाडी, बेडशासाठी कामशेत, कार्ला आणि भाज्यासाठी मळवली स्टेशन. पाणी आणि चांगल्या तळाचे बूट हवेतच. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात.

आणि एक गोष्ट. याच तळेगावात 1908 मध्ये अंताजीपंत काळे यांच्या पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. सिअगुतणिकेच्या लेण्यामागेही तीच वृत्ती होती: आपल्या ऐपतीतून सगळ्यांसाठी काहीतरी उभं करायचं. म्हणून लेणी बघायला गेलात तर भिंतीवर खडूने, खिळ्याने नाव लिहू नका आणि लिहिणाऱ्यालाही थांबवा. तिथे नाव कोरलं गेलं ते काहीतरी देऊन गेलेल्यांचं. आपण ती नावं पुढच्या पिढीला वाचता येतील एवढं जपू या.