कागदावरचा प्रकाश : लेखांक ११
करडा रंग कुठून येतो?

नायगावच्या एका स्टुडिओचालकांचा प्रश्न या आठवड्यात घेतो आहे, कारण नांदेड-लातूर पट्ट्यातल्या कितीतरी स्टुडिओंचा तो प्रश्न आहे. त्यांच्याकडे सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर आहे. पासपोर्ट, बारसं, लग्नातले सुटे फोटो त्यावर छान निघतात. पण एखादं गिऱ्हाईक आजोबांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन येतं आणि म्हणतं, ‘दुरुस्त करून मोठा करून द्या.’ तिथे गाडी अडते. स्क्रीनवर नितळ करडा दिसणारा चेहरा कागदावर कधी हिरवट उतरतो, कधी जांभळट. दुकानात ट्यूबलाइटखाली पसंत पडलेला फोटो घरी दारातल्या उजेडात वेगळाच दिसतो आणि परत येतो. प्रिंटर बदलू का, आणि बदलायचा तर कोणता, असं ते विचारतात.

प्रिंटर विकणारा दुकानदार अशा वेळी डीपीआयचे आकडे पुढे करतो. ते बाजूला ठेवा. आज स्टुडिओत असलेला कोणताही फोटो प्रिंटर डोळ्याला पुरेल इतका बारीक ठिपका टाकतो. ब्लॅक अँड व्हाइटसाठी विचारायचा प्रश्न एकच आहे : या यंत्रात करडी शाई आहे का?

एप्सनचे एल ८०५, त्याच्या जागी आलेला एल ८०५०, आणि मोठ्या कागदाचा एल १८०५० हे तिन्ही ‘सहा रंगांचे’. ते सहा म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो, काळा, फिका सायन आणि फिका मॅजेंटा. फिक्या शाया दिल्या त्या रंगीत फोटोतली कातडी आणि आभाळ मऊ दिसावं म्हणून. करडी शाई त्यांत नाही. मग आजोबांच्या गालावरचा मधला करडा हे यंत्र कसा तयार करतं? नुसती काळी शाई विरळ शिंपडली, तर उजळ भागात काळे ठिपके वाळूसारखे दिसतील. म्हणून काळी शाई कमीत कमी वापरून सायन, मॅजेंटा आणि यलो यांच्या मिश्रणातून करडा साधला जातो. तिघांचं प्रमाण अचूक जमलं तर करडा, एक जरा वरचढ झाला तर छटा. लाल शालू छापताना मॅजेंटा थोडा जास्त पडला तर नवरीच्या आईलाही कळत नाही. पण करड्या गालावर तेवढाच फरक पडला तर लहान लेकरू सांगेल की हा फोटो हिरवा दिसतो. रंग नसलेल्या जागी रंग दिसला की डोळा तो लगेच पकडतो.

उजेड बदलला की छटा बदलते, तेही याच मिश्रणामुळे. ट्यूबलाइट, एलईडी, पिवळा बल्ब आणि ऊन यांच्यात रंगांचं प्रमाण वेगवेगळं असतं. तीन रंगीत शायांतून बनलेला करडा प्रत्येक उजेडात वेगळा वागतो. ‘ग्रेस्केल’ची खूण केली म्हणून हे टळत नाही. त्या खुणेनंतर यंत्र फक्त काळी शाई वापरेल की गुपचूप रंगांची मदत घेईल, हे मॉडेल आणि निवडलेला कागद यांवर ठरतं. पहिल्या प्रकारात दाणे दिसतात, दुसऱ्यात छटा.

लग्नात जागेवरच ४×६ फोटो काढून देणाऱ्या डाय-सब्लिमेशन प्रिंटरचं गणित तर आणखी उघड आहे. त्याच्या रिबनवर यलो, मॅजेंटा, सायन आणि वरून संरक्षक थर एवढंच असतं, काळा रंगच नसतो. शहरातल्या कलर लॅबचा फोटोही तीन रंगांच्या थरांतूनच तयार होतो. मात्र लॅबवाल्याने रसायनं आणि कॅलिब्रेशन रोज सांभाळलं असेल, तर तो करडा बराच स्वच्छ येतो.

जुन्या डार्करूममध्ये हा पेच नव्हता, आणि का नव्हता हे समजलं की निर्णय सोपा होतो. ब्रोमाइड कागदावरचं चित्र चांदीचं असतं. जिथे प्रकाश जास्त पडला तिथे धातूरूप चांदीचे कण जास्त, म्हणून काळं. जिथे कमी तिथे विरळ, म्हणून करडं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पदार्थ एकच. त्यामुळे कागद आणि डेव्हलपरप्रमाणे सगळं चित्र जरा उबदार किंवा जरा थंड दिसेल, पण कपाळ हिरवं आणि मान जांभळी असं होत नाही. तुमच्याकडे येणारे जुने फोटो पिवळे पडलेले दिसतात, त्याचं एक नेहमीचं कारण फोटो नीट धुतला न जाणं हे असतं. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, कागदात उरला की तो चांदीला हळूहळू खातो. ज्यांनी पाणी पुरेसं वापरलं त्यांचे फोटो आजही खणखणीत आहेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ छापाचा माल ज्यांनी हाताळला आहे, असे जुने छायाचित्रकार आपल्या भागात अजून भेटतात. त्यांना हे सगळं हातानं ठाऊक आहे.

आणि आपला भाग म्हणजे एकेकाळचा निजामाच्या हैदराबाद संस्थानचा भाग. या संस्थानात सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) काम करत होते, त्यांचा स्टुडिओ सिकंदराबादला होता. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९मध्ये घेतला. त्या काळचे त्यांचे अल्ब्युमिन प्रिंट तपकिरी झाकेचे असत, काळेकरडे नव्हेत. तरी ती तपकिरी झाक सगळ्या चित्रावर सारखी पसरलेली असते, म्हणून आजही ते प्रिंट पाहताना डोळा अडखळत नाही. छटा असण्यात दोष नाही, दोष छटा जागोजागी बदलण्यात आहे.

इंकजेटमध्ये हाच एकसारखेपणा आणायची युक्ती सन २०००च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जॉन कोन यांनी बाजारात आणली. प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढून त्यांच्या जागी काळ्या कार्बन पिगमेंटच्या कमी-जास्त गडद शाया भरायच्या. पद्धतीचं नाव पिझोग्राफी. मग २००५मध्ये एप्सनने अल्ट्राक्रोम के-थ्री शाईसंच काढला. त्यात काळा, फिका काळा आणि अतिफिका काळा अशा तीन पायऱ्या होत्या आणि ड्रायव्हरमध्ये ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळी व्यवस्था होती. करड्याचं मुख्य ओझं या तीन शाया उचलतात, रंगीत शाया नावापुरत्या लागतात. अलीकडचे श्युअरकलर पी ७००, पी ९०० किंवा कॅननचे इमेजप्रोग्राफ प्रो-३००, प्रो-१००० हे याच वाटेवरचे.

म्हणजे बाजारात आपल्यासमोर तीन पायऱ्या आहेत. खाली करडी शाई नसलेले सहारंगी. वर पिगमेंटचे व्यावसायिक प्रिंटर. आणि मध्ये एक पायरी, जिच्याबद्दल दुकानात फारसं बोललं जात नाही : टाकीवालेच, पण करडी शाई असलेले. एप्सनचा एल ८१८० हा तसला, १३×१९ इंचांपर्यंतचा कागद घेणारा, म्हणजे १२×१५ आणि १२×१८च्या फ्रेमला पुरणारा. कॅननचा जी ५७० ए-फोरपुरता आहे, त्यात करडी आणि लाल शाई आहे. ‘साहेब, हापण सहा रंगांचाच आहे’ असं कोणी म्हटलं, तर कोणते सहा ते विचारा. आपल्या कामाचा सगळा फरक त्या उत्तरात आहे.

टिकाऊपणाचा मुद्दा मला छटेपेक्षाही मोठा वाटतो. पासपोर्ट फोटो अर्जाला चिकटला की त्याचं काम संपतं. आजोबांचा फोटो बैठकीत किंवा देवघराशेजारी पुढची पंचवीस-तीस वर्षं राहणार असतो, आणि वर्षश्राद्धाला त्याला हार घातला जाणार असतो. टाकीवाल्या प्रिंटरच्या फोटो-शाया बहुतेक डाय प्रकारच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. ऊन, हवेतला ओझोन, धूर यांनी त्या फिकट होतात, आणि तिन्ही रंग एकाच वेगाने फिकट होत नाहीत. म्हणून आज जमवलेला करडा काही वर्षांनी आपोआप एखाद्या रंगाकडे झुकतो. बाजारातली स्वस्त सुटी शाई भरली असेल तर हे फार लवकर होतं. कार्बनवर आधारलेला पिगमेंटचा काळा-करडा या बाबतीत कितीतरी खंबीर असतो. डाय प्रिंट द्यायचाच असेल तर काचेमागे बंद करून द्या. काच हवेला अडवते, आणि एवढ्याने आयुष्य खरोखर वाढतं.

मग सरळ पिगमेंटचं यंत्र का घेऊ नये? नायगावात बसून याचं उत्तर वेगळं येतं. बहुतेक इंकजेटच्या पुस्तिकेत वापरासाठी १० ते ३५ अंश तापमान सांगितलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, पत्र्याखालचं दुकान तापतं. कोरड्या उष्ण हवेत शाई नोझलच्या तोंडाशी वाळते. पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण, त्यामुळे यंत्र बसून राहिलं तर तुंबायचा धोका मोठा. ते मोकळं करायला क्लीनिंग चालवलं की छपाई न होताच शाई जाते. त्यात पी ७००च्या प्रत्येक कार्ट्रिजमध्ये शाई २५ मिली, पी ९००मध्ये ५० मिली. टाकीवाल्याची एक बाटली ७० मिलीची. मिलीचा हिशेब मांडला तर दोन्हींची तुलनाच होत नाही. ज्याच्याकडे दर आठवड्याला मोठे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट नेमाने निघतात, आणि ज्याच्या दुकानात उन्हाळ्यात थंड राहणारी एक खोली आहे, त्यालाच हे यंत्र परवडेल. नांदेड शहरातल्या कोणी ते घ्यावं आणि नायगाव, नरसी, देगलूर, बिलोलीच्या स्टुडिओंनी त्याच्याकडे फाइल पाठवावी, ही मला सर्वांत शहाणपणाची सोय वाटते. पितृपक्षाच्या तोंडावर आणि १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आधी जुन्या फोटोंची मागणी वाढली, तर एकट्या दुकानाने नवं कर्ज काढण्यापेक्षा हे बरं.

तोवर आहे त्या यंत्राला पूर्ण संधी द्यायला हवी. ‘प्रिंट काळपट येतो’ ही तक्रार पुष्कळदा स्क्रीनची असते. लॅपटॉपचा उजेड भगभगीत ठेवून फोटो दुरुस्त केला, की कागदावर तो अंधारलेला येणारच. उजेड इतका उतरवा की स्क्रीनवरचा पांढरा आणि शेजारी दुकानाच्या दिव्यात धरलेला कोरा कागद जवळपास सारखे उजळ दिसतील. मग कंपनीची शाई, ड्रायव्हरमध्ये खरोखर लावलेल्याच कागदाचं नाव, आणि त्या कागदाचं प्रोफाइल मिळत असेल तर ते. एवढं झाल्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ समान पायऱ्यांची करडी पट्टी छापा. एक दिवस वाळू द्या. ती दारात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली धरून पाहा. काळ्याकडच्या कोणत्या पायऱ्या एकमेकींत बुडाल्या, मधल्या कोणत्या पायरीवर छटा चढते, हे तीच सांगेल. छटा सगळीकडे सारखी असेल तर रंगाच्या स्लायडरने ती सुधारता येते. पायरीगणिक ती बदलत असेल, किंवा उजेडागणिक उलटत असेल, तर तुमच्या यंत्राची मर्यादा आली आहे आणि करड्या शाईचा खर्च योग्य आहे.

मूळ फोटोची कुवतही मोजा. ३५×४५ मिमीचा पासपोर्ट फोटो १२०० डीपीआयने स्कॅन केला तर साधारण १६५४×२१२६ पिक्सेल मिळतात. १२ इंच उंचीवर ते इंचाला पावणेदोनशेच्या आसपास पडतात. एवढ्यावर फ्रेम चांगली होते, पण १६×२०ची हाव धरू नये. मूळ फोटोत जे नाही, ते प्रिंटर देऊ शकणार नाही.

आणखी एक आग्रह मनापासून मांडतो. फोनवरच्या ॲपने आजीच्या लुगड्याला हिरवा आणि आजोबांच्या फेट्याला भगवा रंग देऊन मागणारी मंडळी वाढली आहेत. तो रंग यंत्राने अंदाजाने भरलेला असतो; ते लुगडं खरोखर कोणतं होतं, हे घरातलं एखादं म्हातारं माणूसच सांगू शकतं. स्टुडिओने निदान एक प्रत करड्यातच काढून द्यावी आणि ती मन लावून काढावी. मुंबईच्या सफाई कामगारांवरचं सुधारक ओलवे यांचं ब्लॅक अँड व्हाइट काम पाहिलेल्यांना ठाऊक आहे की माणसाचा चेहरा करड्यात उणा होत नाही.

नायगावच्या प्रश्नकर्त्यांना माझं उत्तर असं : तुमच्या वर्णनावरून तुमचं यंत्र करडी शाई नसलेलं आहे. या महिन्यात खरेदी करू नका. पट्टी छापून पाहा. आलेल्या जुन्या फोटोंपैकी एक फाइल हैदराबाद किंवा पुण्याच्या पिगमेंट प्रिंट काढणाऱ्या लॅबकडे पाठवून १२×१५चा प्रिंट मागवा. तो आणि तुमचा प्रिंट काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवा, दोन वेगळे भाव सांगा, आणि गिऱ्हाइकं कोणता निवडतात ते दिवाळीपर्यंत वहीत लिहीत जा. महागडा निवडणारे मोजकेच निघाले तर बाहेरून छापून घेत राहा. नेमाने निघू लागले तर मधल्या पायरीवरचा, करड्या शाईचा मोठ्या कागदाचा प्रिंटर घ्या आणि जुना पासपोर्ट फोटोंसाठी चालू ठेवा. पट्टीचे प्रिंट आणि कागदाचं पाकीट मात्र टाकून देऊ नका. पुढच्या लेखांकात ग्लॉसी, मॅट आणि बरायटा कागदांबद्दल लिहिताना तीच पट्टी वापरायची आहे.