आशेला काम द्या

काल संध्याकाळपर्यंत झोपाळ्यावर बसून नातवंडांची थट्टा करणारे वडील आज इस्पितळात निपचित पडलेले असतात. एका बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडे, श्वासासाठी नळी घातलेली. अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर बाकड्यावर घरची मंडळी बसलेली असतात. कोणी जप करीत असते, कोणी फोनवर गावाकडच्यांना धीर देता देता स्वतःच रडू लागते. डॉक्टर बाहेर आले की सारे एकदम उभे राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, आशा आहे ना?"

"आताच काही सांगता येत नाही," असे उत्तर मिळाले की मंडळींचा जीव कासावीस होतो. डॉक्टर आपल्याला टाळताहेत असे वाटते. पण पक्षाघाताच्या बाबतीत हे उत्तर बहुधा अगदी खरे असते. ते खरे का, हे समजून घेतले, तर बाकड्यावरचे ते दिवस थोडे सुसह्य होतील.

तिसऱ्या दिवसाचा फेरा

मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली, की पक्षाघात होतो. मोठी गुठळी अडकली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. म्हणून गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. काही निवडक रोग्यांत वाहिनीतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात. ते मात्र २४ तासांपर्यंतही जमू शकते.

हा वेळ निघून गेला की वाट पाहण्याचे दिवस सुरू होतात. इजा झालेला मेंदू सुजतो, आणि ही सूज साधारणपणे दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. पहिल्या दिवशी डोळे उघडून पाहणारा रोगी तिसऱ्या दिवशी गुंगीत जातो, तो यामुळेच. घरच्यांना वाटते, काल तर सुधारत होते, रात्रीच्या पाळीत काहीतरी हयगय झाली. मग नर्सवर राग निघतो, रात्री जवळ बसलेल्या सुनेवर निघतो. प्रत्यक्षात तो बहुधा त्या आजाराचाच फेरा असतो.

जशी उतावीळ आशा वाईट, तशी उतावीळ निराशाही वाईट. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रोग्यांच्या बाबतीत अमेरिकेतील हृदयरोग व पक्षाघाताच्या तज्ज्ञांनी २०१५ साली एक सूचना केली. रोग्याने स्वतः आधी तशी इच्छा सांगून ठेवली नसेल, तर निदान दुसरा पूर्ण दिवस संपेपर्यंत उपचार आखडते घेऊ नयेत, अशी ती होती. कारण विचार करण्याजोगे आहे. "हे जगणार नाहीत" असे समजून ज्यांचे उपचार थांबविले, ते अर्थातच दगावले. आणि त्यांच्या मृत्यूंमुळे असे रोगी जगत नाहीत हे मत आणखी पक्के झाले. म्हणजे पहिल्या दोन दिवसांतील आशेला शास्त्राचाही आधार आहे.

पुण्यातले एक घर

अशा आजाराशी एका घराने कसा सामना केला, हे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १८८८ साली मुंबईकरांनी जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने आयुष्यभर लिहिले, तोच हात गेला. घरात शुश्रूषेला सावित्रीबाई होत्या आणि दत्तक पुत्र यशवंत अजून वयाने लहान होता. पैशाचीही ओढाताण होतीच.

उजवा हात पुन्हा चालेल तेव्हा लिहू, असे म्हणत जोतीराव थांबले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहिण्यास घेतले आणि १८८९ मध्ये पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक पुढच्या वर्षी यशवंताने प्रसिद्ध केले. आजार बरा झाला नाही, तरी त्या घरातली आशा वाया गेली असे कोण म्हणेल? ती लुळ्या हातावर डोळे लावून बसली नाही, चालणाऱ्या हाताला तिने काम दिले.

याच्या उलट तऱ्हा अमेरिकेत दिसली. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना २ ऑक्टोबर १९१९ रोजी जबर पक्षाघात होऊन डावी बाजू गेली. पत्नी एडिथ आणि खाजगी डॉक्टर यांनी दुखण्याचे खरे स्वरूप जगापासून लपविले. कोणी भेटायचे, कोणते कागद पुढे जायचे, हे बाई ठरवू लागल्या. नवऱ्यावरच्या प्रेमापोटीच त्यांनी हे केले असेल. पण सत्य झाकून जपलेल्या आशेने विल्सन बरे झाले नाहीत आणि देशाचा कारभार मात्र खोळंबला. आपल्याकडेही "आईला सांगू नका, धाकट्याला परदेशात कळवू नका" असे पडदे टाकले जातात. पुढे तेच भावाभावांतल्या कडवटपणाचे मूळ होते.

बाकड्यावर बसून काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरांशी बोलायला घरातले एकच माणूस नेमावे आणि त्याने एक वही ठेवावी. पाच जणांनी पाच वेळा विचारले, की पाच अर्थ निघतात. "कसे आहेत?" एवढेच विचारण्यापेक्षा, कालच्यापेक्षा शुद्ध वाढली की कमी झाली, सूज किती आहे, पुढच्या दोन दिवसांत कशाची भीती आहे, असे विचारावे. उत्तर तारीख घालून लिहून ठेवावे. संध्याकाळी तीच वही सर्वांना वाचून दाखवावी.

दुसरी गोष्ट तोंडात काही घालण्याची. आजी पदराआडून तीर्थाची बाटली काढते आणि "एक थेंब तोंडात घाला" म्हणते. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडते आणि तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. गिळता येते की नाही हे तज्ज्ञांनी तपासून सांगेपर्यंत चहाचा चमचाही देऊ नये. तीर्थ कपाळाला लावावे. श्रद्धा तेवढ्याने उणी होत नाही. कबुतराचे रक्त चोळण्यासारखे उपाय सुचविणारेही भेटतात. त्यांना हात जोडून परत पाठवावे.

तिसरी गोष्ट हाताच्या पकडीची. "मी हात धरला तर दादांनी घट्ट दाबला!" हे ऐकून सर्वांचे डोळे भरून येतात. पण तळहाताला स्पर्श होताच बोटे आपोआप मिटतात, अशी एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. म्हणून "आता हात सोडा" किंवा "दोन बोटे दाखवा" असे सांगून डॉक्टर पाहतात. सांगितल्याप्रमाणे केले, तर ते खरोखर आनंदाचे चिन्ह.

मात्र उत्तर आले नाही म्हणून ऐकूही जात नाही, असे धरून चालू नये. मेंदूचा वाचेचा भाग दुखावलेल्या पुष्कळांना बोलता येत नाही, पण समजते. तेव्हा खाटेजवळ घराच्या वाटणीची किंवा बिलाची चर्चा नको. तिथे नातवाची परीक्षा, अंगणातल्या जास्वंदीला आलेली फुले, असे बोलावे. पुढे वॉर्डात आणल्यावर दर दोन तासांनी कूस बदलणे, सांधे हलविणे, हे नर्सकडून शिकून घ्यावे. बेडसोअर टळतात आणि हातांना काम मिळाल्याने मनही शांत राहते.

पैशाचा प्रश्न संकोच न करता पहिल्याच दिवशी काढावा. ज्या महात्म्याची हकीकत वर सांगितली, त्याच्याच नावाने महाराष्ट्रात जनआरोग्य योजना आहे. योजनेतील इस्पितळांत आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड घेऊन त्याला भेटावे. आणि आईकडे लक्ष ठेवावे. वडिलांच्या धावपळीत तिची रक्तदाबाची गोळी चुकलेली असते, आणि ते सांगायला ती स्वतःहून येत नाही.

कठीण प्रश्न

कधी डॉक्टर सही मागतात. सूज फार वाढली, तर कवटीच्या हाडाचा तुकडा तात्पुरता काढून मेंदूला जागा करून देतात. साठीच्या आतल्या रोग्यांत या शस्त्रक्रियेने, २००७ साली एकत्र मांडलेल्या युरोपातील तीन प्रयोगांनुसार, वर्षभराने हयात असलेल्यांचे प्रमाण शंभरांत २९ वरून ७८ वर गेले. साठीपुढच्यांतही अधिक रोगी वाचतात, हे २०१४ सालच्या जर्मन प्रयोगात दिसले. पण त्यांतील बहुतेकांना पुढे रोजच्या गोष्टींसाठीही दुसऱ्याचा आधार लागला. म्हणून "वाचतील का?" याच्याबरोबर "वाचले तर कसे जगतील?" हेही विचारले पाहिजे. आणि मग भावंडांनी एकमेकांना विचारावे, की वडिलांना स्वतःला काय चालले असते? आपल्याला त्यांचा सहवास किती हवा आहे, हा प्रश्न वेगळा.

सारे प्रयत्न होऊनही सुधारणेची शक्यता उरत नाही, अशी वेळ काही घरांवर येते. सन्मानाने मरण्याचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि आगाऊ इच्छापत्राची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. डॉक्टरांच्या मंडळांच्या संमतीने यंत्रे थांबविता येतात. असा निर्णय घेणारी मुले निष्ठुर नसतात. बरे होण्याची आशा मावळली, तरी वेदना नसावी, जवळचे माणूस उशाशी असावे, भांडलेले दोघे भाऊ एकदा एकत्र यावेत, एवढी आशा उरतेच आणि ती पुरीही करता येते.

जे सुधारतात, त्यांची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत जास्त वेगाने होते, पुढे सावकाश चालू राहते. तेव्हा घरी आणल्यावर व्यायामाचा कंटाळा करू नये.

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन दिवाळीच्याच सुमारास येतो. फराळाला सारी भावंडे जमतील, तेव्हा तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसताच घड्याळ पाहून इस्पितळ गाठायचे, हे लहानथोरांना सांगून ठेवावे. आणि आईवडील धडधाकट आहेत तोवर, चकलीचा तुकडा मोडता मोडता, त्यांना एकदा विचारावे, "अशी वेळ आली तर तुम्हाला काय हवे?" सुरुवातीला ते रागावतील, "सणासुदीला हे काय अभद्र!" म्हणतील. पण रात्री निजानीज झाल्यावर बहुधा तेच आपणहून बोलायला येतील. त्या वेळी ऐकून घ्यावे.