स्त्रीचं शरीर आणि दारू : ग्लास सारखा, परिणाम वेगळा

आजचा विषय घरात मोठ्यानं बोलायचा नसतो, असं आपण समजतो. दारू म्हटलं की डोळ्यांसमोर पिणारा पुरुष येतो आणि त्याचा त्रास सोसणारी बाई येते. ते चित्र खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पंधरा वर्षं आणि त्यावरच्या पुरुषांपैकी १८.८ टक्के आणि स्त्रियांपैकी १.३ टक्के दारू पितात अशी नोंद झाली. १.३ हा आकडा लहान दिसतो. पण आपल्या देशाच्या लोकसंख्येला तो लावून बघा, हिशेब साठ लाखांच्या पुढे जातो. आणि या झाल्या फक्त पाहणीवाल्यांना खरं सांगणाऱ्या.

बाईनं प्यावी की नाही, याचा निवाडा करायला आपण इथे बसलेलो नाही. आपले प्रश्न दोनच आहेत. तेवढीच दारू पुरुषाच्या आणि स्त्रीच्या शरीरात गेली, तर वेगळं काय होतं? आणि त्रास होणाऱ्या बाईपर्यंत मदत इतक्या उशिरा का पोचते?

आधी माप समजून घेऊ

बाटलीत काय आहे, यापेक्षा शुद्ध अल्कोहोल किती आहे ते महत्त्वाचं. साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक माप धरू. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे एक माप. वाइनचा १०० मिलीचा ग्लास म्हणजेही जवळपास एक माप. आता आठ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली घ्या. तिच्यात चाळीस ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं, म्हणजे चार छोटे पेग. ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेते’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

पाण्याचं गणित

अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात मिसळतं, चरबीत फारसं जात नाही. पुरुषाच्या शरीरात वजनाच्या सुमारे साठ टक्के पाणी असतं. स्त्रीच्या शरीरात चरबीचं प्रमाण निसर्गतःच जास्त, त्यामुळे पाणी पन्नास टक्क्यांच्या आसपास.

समजा, दोघांचंही वजन ६० किलो आहे. पुरुषाच्या शरीरात ३६ लिटर पाणी, स्त्रीच्या शरीरात ३०. दोघांनी चाळीस ग्रॅम अल्कोहोल घेतलं, तर तिच्या शरीरातलं द्रावण वीस टक्के अधिक तीव्र होतं. प्रत्यक्षात वजनही सारखं नसतं. ती ५० किलोची आणि तो ६५ किलोचा असेल, तर हा फरक दीडपटीच्या वर जातो. एकच चमचा साखर पातेल्यात टाकली आणि पेल्यात टाकली तर गोडी सारखी लागेल का? तसंच हे.

दुसरी गोष्ट जठराची. अल्कोहोल मोडणारं एक विकर जठराच्या अस्तरात असतं. रक्तात जाण्याआधीच काही भाग तिथे मोडला जातो. १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्त्रियांमध्ये या विकराचं काम कमी आढळलं. याचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पाण्याच्या गणितावर मात्र वाद नाही. तेव्हा ‘त्याला दोन पेग चढत नाहीत, मला कसे चढतात?’ याचं उत्तर मनाच्या कमकुवतपणात शोधू नका. ते शरीररचनेत आहे.

यकृत, स्तन आणि हाडं

रक्तातली दारू यकृत मोडतं. तासाला साधारण एक माप, एवढाच त्याचा वेग. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानंही तो वाढत नाही. मोडताना आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं. वर्षानुवर्षं हे चाललं की यकृतात चरबी साचते, मग सूज येते आणि शेवटी यकृत कडक होऊन सिरोसिस होतो. स्त्रियांमध्ये हा प्रवास कमी प्रमाणात पिऊन आणि कमी वर्षांत होतो, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे येऊ, कारण हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे, अशा गोष्टींचा तो गट. तंबाखूही त्याच गटात आहे. दारूमुळे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी वाढते, आणि स्तनाच्या अनेक गाठी याच संप्रेरकावर पोसल्या जातात. २००२ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं, की रोजच्या दहा ग्रॅममागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. इथे नीट समजून घ्या. शंभरातल्या सात जणींना कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. मूळ धोका जेवढा असेल, त्यात सात टक्क्यांची भर पडते. भर लहान आहे, पण ती पहिल्याच ग्लासापासून सुरू होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला अजिबात धोका नाही असं दारूचं कोणतंही प्रमाण सांगता येत नाही.

पाळी गेल्यावर हाडं तशीही विरळ होऊ लागतात. फार पिण्यानं ती आणखी ठिसूळ होतात, त्यात तोल जाऊन पडण्याची भर. आणि झोपेची गोळी चालू असताना वर दारू घेणं तर जिवावर बेतू शकतं.

गरोदरपण आणि अंगावरचं दूध

आईच्या रक्तातली दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते. बाळाचं यकृत ती मोडायला तयार नसतं. फ्रान्समध्ये १९६८ साली आणि अमेरिकेत १९७३ साली डॉक्टरांनी अशा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली: वाढ खुंटलेली, चेहऱ्याची ठेवण वेगळी, मेंदूची वाढ कमी. हे नुकसान आयुष्यभराचं असतं. कितव्या महिन्यात किती घेतली तर चालेल, असं सुरक्षित माप कुणीही देऊ शकलेलं नाही. म्हणून सल्ला एकच, गरोदरपणात अजिबात नको. दिवस गेलेत हे कळायच्या आधी घेतली गेली असेल, तर घाबरून लपवू नका. थांबा आणि डॉक्टरांना सांगा. जेव्हा थांबाल तेव्हापासून बाळाचा फायदाच आहे.

अंगावरच्या दुधात रक्ताइतकीच दारू उतरते. एक माप शरीरातून जायला दोन ते तीन तास लागतात. दूध पिळून टाकल्यानं ती लवकर जात नाही. रक्तातून उतरली की मगच दुधातून उतरते.

लाजेची किंमत

पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा काळ स्त्रियांमध्ये बऱ्याचदा पुरुषांपेक्षा कमी असतो. दुर्बिणीची नळी आत सरकवल्यावर जशी आखूड होते, तसा हा प्रवास आखूड होतो, असं तज्ज्ञ म्हणतात. त्यामागे वर सांगितलेलं शरीर आहेच. शिवाय कित्येक जणी मौजेपेक्षा दुःख, मारहाण, झोप न येणं, एकटेपणा विसरायला पितात. अशी दारू चारचौघांत घेतली जात नाही. दार लावून घेतली जाते.

पुरुष पिऊन रस्त्यात पडला तर गल्लीला कळतं. बाई पीत असेल तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळत नाही. कळलंच तर घरचे आधी अब्रू झाकतात. तपासताना डॉक्टर पुरुषाला ‘घेता का?’ असं सहज विचारतात, बाईला विचारत नाहीत. मग अ‍ॅसिडिटी, नैराश्य, अशक्तपणा यांवर वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात आणि मूळ कारण तसंच राहतं. शरीर आधीच लवकर खचणारं, त्यात उपचार उशिरा. नुकसान दुप्पट होतं ते इथे.

करायचं काय? डॉक्टरांनी प्रत्येक रुग्ण स्त्रीला हा प्रश्न साध्या आवाजात विचारावा. ‘फार पिता का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘चढल्यासारखं वाटायला किती लागते?’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. माप वाढत चाललं असेल, तर शरीर सरावलंय असं समजावं.

घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रोज भरपूर पिणाऱ्या बाईची बाटली एका दिवसात हिसकावून खोलीत कोंडू नका. दारू अचानक तुटली की हातपाय थरथरणं, झटके, भ्रम होतात, आणि ते प्राणघातक ठरू शकतं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक आहेत. नाव न सांगताही बोलता येतं.

शेवटी नेहमी येणारा एक प्रश्न घेऊ. ‘थोडी वाइन हृदयाला चांगली असते ना?’ जुन्या अभ्यासांत तसं दिसलं होतं खरं. पण थोडी घेणारी माणसं बऱ्याचदा सुखवस्तू, खाण्यापिण्याची काळजी घेणारी असतात, आणि न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेलेही असतात. हा फरक वजा केला की फायदा बराचसा विरून जातो. तेव्हा औषध म्हणून कुणी वाइन सुरू करू नये. ज्या घेतात त्यांनी आपलं माप आजच मोजावं. आणि घरात कुणी बाई या त्रासात असेल, तर ती मधुमेहाची रुग्ण असती तर तिच्याशी जसं बोललो असतो, तसंच तिच्याशी बोलावं.