कोल्हा उसात, खोकड माळावर

इंग्रजीच्या धड्यात ‘फॉक्स’ हा शब्द आला की आपण वर्गात त्याचा अर्थ ‘कोल्हा’ असा सांगून पुढे जातो. इसापनीतीतला, द्राक्षांना आंबट म्हणणारा प्राणीही मराठीत कोल्हाच झाला आहे. सांगली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी, कारण तासगावच्या द्राक्षबागांच्या परिसरात रात्री खरोखरीचा कोल्हा हिंडतो. मात्र प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो ‘फॉक्स’ नव्हे, ‘जॅकल’ आहे. आपल्याकडचा खरा ‘फॉक्स’ म्हणजे खोकड.

हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण गेल्या काही दशकांत माणसाने जमिनीचे रूप पालटले, तेव्हा या दोन प्राण्यांच्या वाट्याला अगदी वेगवेगळे नशीब आले. एकाला माणसाचा शेजार मानवला. दुसऱ्याला तो जड जात आहे. दोघांना एकच नाव दिले तर हा फरक आपल्या लक्षातच येणार नाही. ‘कोल्हे काय, भरपूर आहेत’ असे आपण म्हणू आणि खोकड मुकाट्याने दिसेनासे होईल.

दोघांची ओळख

दोघेही श्वानकुलातले, पण प्रजाती वेगळ्या. कोल्ह्याचे शास्त्रीय नाव ‘कॅनिस ऑरियस’. कुत्रा आणि लांडगा याच प्रजातीतले, म्हणजे कोल्हा हा कुत्र्याचा जवळचा भाऊबंद. त्याचे वजन साधारण ८ ते १० किलो असते. खोकडाचे नाव ‘व्हल्पिस बेंगालेन्सिस’. वजन अवघे २ ते ३ किलो, म्हणजे मोठ्या मांजराइतकेच. तोंड निमुळते, कान मोठे व टोकदार, पाय सडपातळ आणि शेपटी शरीराच्या निम्म्याहून लांब, झुपकेदार व टोकाशी काळी. संध्याकाळी गावाबाहेरून एका सुरात उठते ती कोल्हेकुई कोल्ह्यांची. खोकड तसे सामुदायिक ओरडत नाही.

खाण्याच्या बाबतीत दोघेही मिश्राहारी आहेत. उंदीर, टोळ, भुंगेरे, सरडे, पक्ष्यांची अंडी, बोरे यांपैकी जे मिळेल ते दोघांना चालते. कोल्हा त्याशिवाय मेलेली जनावरे आणि माणसाने टाकलेले खरकटेही खातो. खोकडाचा भर उंदीर आणि कीटकांवर जास्त. दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

लंडनची गोष्ट

शहरात राहणाऱ्या वन्य प्राण्यांचा विषय निघाला की ब्रिटनमधील तांबड्या खोकडाचे उदाहरण हटकून दिले जाते. १९३०च्या दशकात लंडनसारख्या शहरांभोवती बागा असलेल्या बैठ्या-दुमजली घरांची उपनगरे पसरली आणि तेथे खोकडे वस्तीला आली. बागेतल्या झोपडीखाली घर करायचे, गांडुळे, उंदीर आणि कचऱ्यातले अन्न खायचे, माणसे झोपली की बाहेर पडायचे, असा त्यांचा क्रम आहे.

यावरून माणसाच्या शेजारी टिकून राहण्यास प्राण्याला काय काय लागते, याची एक यादी करता येते. पहिली गोष्ट, आहारात लवचीकपणा. दुसरी, दिवसा लपायला जागा. तिसरी, माणसाची वेळ टाळून वावरण्याची क्षमता. चौथी, पिल्ले वाढवण्यापुरती निर्धास्त जागा. आणि पाचवी, जी सहसा विसरली जाते: माणसाबरोबर जे इतर प्राणी येतात त्यांच्यासमोर निभाव लागणे. ही यादी हाती घेऊन आता सांगलीकडे वळू.

उसाच्या फडातील कोल्हा

सांगली जिल्ह्याचे दोन भाग सरळ दिसतात. पश्चिमेला शिराळ्याकडे भरपूर पाऊस आणि वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात ऊस. पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ हा अवर्षणप्रवण, माळरानाचा प्रदेश.

उसाचा फड कोल्ह्याच्या दृष्टीने उत्तम जंगल आहे. माणसाच्या उंचीहून वाढलेला ऊस, तळाशी पाचट, आत दाट सावली आणि गारवा. महिनोन्महिने आत कोणी फारसे फिरकत नाही. उंदीर आणि घुशी उसाला येतातच, म्हणजे अन्नही दाराशी. गावाकडेला मेलेली जनावरे, कोंबड्यांच्या शेडमधून बाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, ओढ्याकाठचा कचरा हे वरचे. दिवसा फडात, रात्री बांधावर. आपल्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी येथे पूर्ण झाल्या.

चौथीत थोडी अडचण आहे. ऊस म्हणजे कायमचे जंगल नव्हे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत फडामागून फड मोकळे होतात. रात्रीपर्यंत असलेले घर दुसऱ्या दिवशी दुपारी नाहीसे झालेले असते. कोल्हा अशा वेळी शेजारच्या उभ्या फडात, ओढ्याच्या झुडपांत किंवा वेड्या बाभळीत सरकतो. सगळा ऊस एकाच दिवशी तुटत नाही, म्हणून हे जमते. पळताना कठडा नसलेल्या विहिरीत पडणे आणि रस्त्यावर वाहनाखाली येणे हे धोके मात्र राहतातच.

या शेजाऱ्याचा आपल्याला काही उपयोग आहे का? सर्बियातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली याचा हिशोब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार त्या देशातील कोल्हे वर्षाला सुमारे ३,७०० टन मृत जनावरांचे अवशेष आणि १ कोटी ३२ लाख उपद्रवी उंदरांचा फडशा पाडतात. हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येणार नाहीत. पण उसात उंदीर खाणारा प्राणी शेतकऱ्याचा निव्वळ शत्रू नाही, एवढे त्यावरून कळते.

माळावरचे खोकड

खोकडाची मूळ वस्ती उघड्या गवताळ माळावर. जमीन खोदून ते अनेक तोंडांचे बीळ करते. नर-मादी जोडीने राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले होतात. मोठ्या शत्रूची चाहूल लागली की बीळ गाठायचे, ही त्याच्या बचावाची मुख्य रीत. त्यासाठी दूरवर दिसले पाहिजे, म्हणून उघडा माळ हवा. दाट ऊस कोल्ह्याला घर आहे. खोकडाला ती भिंत आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे, माळढोक अभयारण्याच्या परिसरात, खोकडांचा चांगला अभ्यास झाला आहे. अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी खोकडांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून त्यांच्या हालचाली नोंदवल्या. खोकडे गवताळ आणि पडीक जमीन पसंत करतात असे दिसले. येथे एक कोडे होते. शेतात आणि वस्तीजवळ उंदरांसारखे अन्न असूनही खोकड तिकडे का जात नाही? उत्तर निघाले: कुत्रा.

हे पडताळण्यासाठी एक साधा प्रयोग केला गेला. खोकडांसाठी तबकांत खाद्य ठेवले. कधी जवळ कुत्रा ठेवला, कधी ठेवला नाही. कुत्रा असताना खोकडे तबकापर्यंत येत, पण खाणे बरेच कमी करीत. कुत्र्याने अंगावर धावून जाण्याचीही गरज नव्हती. त्याची उपस्थिती पुरे होती. ज्याला सारखे मान वर करून पाहावे लागते त्याचे पोट भरत नाही.

म्हणजे आपल्या यादीतल्या पाचव्या अटीत खोकड अडकते. माणूस त्याला मारत नाही. पण माणसाच्या खरकट्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळी माळाचा तेवढा तुकडा त्याच्याकडून काढून घेते. कोल्हा कुत्र्याच्या निम्म्याएवढा तरी असतो आणि त्याला लपायला ऊस आहे. खोकडाजवळ यांपैकी काहीच नाही.

तरीही खोकड अगदीच ताठर आहे असे समजू नये. नान्नजच्याच परिसरात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या बिळांच्या अभ्यासात असे आढळले की बीळ करण्यासाठी त्याला मूळचे गवताळ रान लागते. पण त्या रानात माणसाने घातलेले मातीचे बांध आणि चर मिळाले तर ते त्यांचा उपयोग करून घेते. बांध त्याला चालतो. माळ मात्र शिल्लक हवा.

आणि माळच कमी होत आहे. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडे नेले. ज्यांनी टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढले त्यांच्या दारात पाणी आले, हे चांगलेच झाले. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण पाण्यामागून ऊस आणि द्राक्षे आली, आणि उसामागून कोल्हा. शिवाय उरलेला माळ सरकारी कागदावर ‘पडीक’ ठरतो. त्यावर झाडे लावणे हे पुण्याचे काम आहे असे आपण मुलांना सांगतो. जंगल तुटलेल्या जागी ते खरेच आहे. गवताच्या माळावर मात्र दाट झाडी लावली की माळावरचे प्राणी बेघर होतात. माळ हे उजाड झालेले जंगल नसून ती स्वतंत्र परिसंस्था आहे, हे पाठ्यपुस्तकापेक्षा शिक्षकच अधिक चांगले पटवून देऊ शकतील.

जुळवून घेणे म्हणजे नेमके काय?

‘कोल्ह्याने माणसाशी जुळवून घेतले’ असे आपण सहज म्हणतो. या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ येथेच होतो.

पहिली, शिकणे. एखादा कोल्हा अमुक शेडमागे मेलेल्या कोंबड्या मिळतात हे शिकतो. हा त्या एका प्राण्याच्या आयुष्यातला बदल. पिल्ले आईबापांबरोबर हिंडून तेच शिकतील. पण हे ज्ञान त्यांच्या जनुकांत जात नाही.

दुसरी, चाळण. नवी परिस्थिती आली की तिच्यातून काही जाती पार होतात, काही अडकतात. कोल्हा उसासाठी बदलला नाही. लवचीक आहार, रात्रीचा वावर, झुडपात लपणे हे गुण त्याच्याजवळ उसाच्या आधीपासून होते. ऊस आला तेव्हा ते कामी आले. सांगलीत जे घडले त्याचा मोठा भाग या दोन प्रकारांत मोडतो.

तिसरी, उत्क्रांती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आनुवंशिक गुणच बदलणे. हे सिद्ध करणे सर्वांत अवघड. केव्हिन पार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ ते १९७३च्या दरम्यान लंडन व भोवतालच्या ग्रामीण भागातून गोळा केलेल्या तांबड्या खोकडांच्या कवट्या मोजल्या. शहरातील खोकडांचे मुस्कट तुलनेने आखूड आणि रुंद आढळले. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर ‘खोकड पाळीव होऊ लागले’ अशा बातम्या झाल्या. पण कवटीतला फरक आणि पाळीवपणा यांत बरेच अंतर आहे. आखूड जबड्याचा चावा अधिक जोरकस पडतो आणि कचऱ्यातले अन्न फोडायला तो उपयोगी ठरत असावा, असा तर्क आहे. माणसाजवळ राहणे वेगळे आणि माणसाचे होणे वेगळे.

जवळिकीची किंमत

दाटीने राहणाऱ्यांत रोग लवकर पसरतो. ब्रिस्टल शहरात खोकडांची संख्या खूप वाढली होती. १९९४ साली तेथे खरजेची साथ आली आणि काही वर्षांत बहुतेक सगळी खोकडे मेली. नान्नजच्या परिसरात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपरसारख्या विषाणूंचा संसर्ग खोकडांनाही झाल्याच्या खुणा त्यांच्या रक्तात सापडल्या. मुंबईत खारफुटीच्या आश्रयाने कोल्हे राहतात. २०२४ साली चेंबूर परिसरात मेलेल्या काही कोल्ह्यांना रेबीज असल्याचे तपासणीत दिसून आले. तिन्ही उदाहरणांवरून एकच दिसते: वन्य प्राण्याचे आरोग्य, गावच्या कुत्र्यांचे आरोग्य आणि आपले आरोग्य एकाच साखळीत आहेत. कुत्र्यांचे लसीकरण आणि उघड्यावरचा कचरा व मेलेली जनावरे यांची नीट विल्हेवाट, ही दोन कामे झाली तर त्यात माणसाचे, कोल्ह्याचे आणि खोकडाचेही हित आहे.

वर्गासाठी उपक्रम

विद्यार्थ्यांकडून गावशिवाराचा नकाशा काढून घ्यावा. त्यात ऊस, द्राक्षबाग, माळ, ओढा, कचरा टाकण्याची जागा आणि कठडा नसलेल्या विहिरी दाखवाव्यात. पंधरा दिवस संध्याकाळी कोल्हेकुई कोणत्या दिशेने व किती वाजता आली याची नोंद ठेवावी आणि ती नकाशावर मांडावी. ती उसाच्या बाजूने येते की माळाच्या?

दुसरे काम, आजीआजोबा आणि मेंढपाळ यांना विचारणे. कोल्हा आणि खोकड यांची चित्रे दाखवून विचारावे, म्हणजे नावांचा घोळ होणार नाही. तीस वर्षांपूर्वी कोण कोठे दिसे, आता कोण दिसते? कालवा कोणत्या साली आला? एका गावाची माहिती थोडी वाटेल. पण वाळवा आणि आटपाडीच्या शाळांनी आपापले नकाशे एकमेकींना पाठवले तर जिल्ह्याचे चित्र तयार होईल.

ओल्या मातीतले ठसेही मोजता येतील. कोल्ह्याचा ठसा साधारण ५ सेंटिमीटरचा, खोकडाचा त्याहून बराच लहान. कुत्र्याच्या ठशाशी गल्लत होते, म्हणून एकाच ठशावरून निष्कर्ष काढू नये. बिळाजवळ जाणे, पिल्ले उचलणे, खायला घालणे किंवा मेलेल्या प्राण्याला हात लावणे कटाक्षाने टाळावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा.

आणि पुढच्या वेळी धड्यात ‘फॉक्स’ आला, तर फळ्यावर ‘खोकड’ असे लिहावे. एखादा तरी विद्यार्थी विचारील, ‘सर, ते कसे असते?’ त्याला दाखवायला गावाबाहेरचा माळ तेव्हा शिल्लक असावा.