जुन्या इमारतीच्या पायाखाली रबर

तुमच्या गावच्या नगरपालिकेची एखादी जुनी इमारत आठवून पाहा. जाड दगडी भिंती, उंच जोते, दर्शनी पायऱ्या, आणि गाव जरा मोठे असेल तर घड्याळाचा मनोराही. अशी वास्तू पाडू नये असे सर्वांनाच वाटते. पण तिथे रोज शेकडो माणसे येतात. भूकंप झाला तर? १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंतींखालीच हजारो माणसे गाडली गेली.

मुंबई महापालिकेची इमारत १८९३ साली पुरी झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे, वालुकाश्माचे असेच एक नगरभवन उभे राहिले. या शहराजवळून जमिनीतील एक मोठा प्रस्तरभंग जातो. १९३४ च्या भूकंपात मनोऱ्यातील दोन टनांहून जड घड्याळयंत्र निखळून इमारतीत कोसळले. इमारत मजबूत करायची तर भिंतींत लोखंड व काँक्रीट भरावे लागणार, म्हणजे आतले सारे जुने काम उखडणार.

अभियंत्यांनी उलटा मार्ग धरला. तो समजण्यासाठी एक प्रयोग करा. दोऱ्याला खडा बांधून दोन लंबक बनवा, एक ६ सेंटिमीटर लांबीचा, दुसरा १ मीटरचा. पहिल्याचा आवर्तकाल सुमारे अर्धा सेकंद, दुसऱ्याचा दोन सेकंद. आता छोट्या लंबकाचे टोक धरून हात सेकंदाला दोनदा थोडासा पुढे-मागे हलवा. खडा बेफाम झोके घेऊ लागेल, हे अनुस्पंदन. मोठ्या लंबकाचे टोक त्याच गतीने हलवा. हात हलतो, पण खडा जवळजवळ स्थिर!

दगडी इमारत ही छोट्या लंबकासारखी. तिचा आवर्तकाल कमी, आणि कठीण जमिनीवर भूकंपाचे धक्केही बहुधा तसेच जलद. मग तिचा आवर्तकालच वाढवला तर? तो चौपट करायचा असेल तर ताठपणा सोळाव्या हिश्शावर आणावा लागतो. भिंती मऊ करता येत नाहीत. पायाखालचा थर करता येतो.

१९८६ ते १९८९ या काळात या नगरभवनाच्या भिंतींना खालून आधार देऊन पायापासून कापले आणि मध्ये चारशेहून अधिक रबरी गाद्या बसविल्या. जुन्या वास्तूखाली असे काम जगात प्रथमच झाले. गादीत रबराचे व पोलादाचे पातळ थर एकाआड एक असतात. पोलादामुळे रबर बाहेर फुगत नाही, म्हणून ते भार पेलते. आडवे मात्र सहज सरकते. शिवाय काही गाद्यांच्या मध्यभागी शिशाचा दट्ट्या असतो. शिसे वाकताना ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्ची पडते आणि झोके लवकर थांबतात. ही कल्पना न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांची. गुजरातमधील भूजचे रुग्णालय २००१ च्या भूकंपानंतर अशाच गाद्यांवर बांधले गेले.

ही युक्ती सगळीकडे चालेल असे मात्र समजू नका. १९८५ साली मेक्सिको शहराखालचा गाळ सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तकालाने डोलत होता. तेथे आपला मोठा लंबकच बेफाम झाला असता!

१८ मार्च २०२० रोजी सॉल्ट लेक सिटीला ५.७ प्रतीचा धक्का बसला. नगरभवनाच्या दगडकामाला थोडी इजा झाली, पण मनोरा उभा राहिला.

आता त्या दर्शनी पायऱ्यांकडे या. माझा एक विद्यार्थी चाकाच्या खुर्चीतून येत असे. एका जुन्या कचेरीत दाखला काढायला गेलो तेव्हा अकरा पायऱ्या आम्ही दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेले. तो काही बोलला नाही. पण पुढच्या वेळी ‘सर, तुम्हीच आणा’ म्हणाला. पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर चढ १६५ सेंटिमीटर. बारास एक या प्रमाणात उतार केला की मुलगा व खुर्ची मिळून ७० किलोचा भार ढकलायला जेमतेम ६ किलोचा जोर पुरतो (घर्षण सोडून). मात्र उताराची लांबी जवळजवळ २० मीटर होते. जुन्या वास्तूपुढे एवढी जागा कोठून आणायची, हा खरा पेच.

आणि गाद्यांवरच्या इमारतीत आणखी एक अडचण. ती सरकावी म्हणून तिच्याभोवती खंदकासारखी मोकळी जागा सोडतात. उतार त्या फटीवरूनच आत जाणार! म्हणून तो दोन्हीकडे पक्का बांधत नाहीत. एक टोक इमारतीला जोडतात, दुसरे जमिनीवर नुसते टेकवतात. रोज त्यावरून खुर्ची जाते, आणि भूकंपात तेच टोक जमिनीवर मोकळे सरकते.